गुरुजींचा गरुड

अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्यापुढे दोघे बसले होते, खोकं घेतलेले वसंतगुरुजी आणि बकरीवाला चंद्रभान.

“हा पक्षी नाही, साक्षात विष्णूचं वाहन आहे!”

“घार हाय थे, गुरुजी. काय झालं तिले?”

“मांजानं पंख कापला. आणल्यापासून काही खाऊन नाही राहिला.”

“देऊन काय राहिले तुमी?”

“साजूक तुपातला शिरा. वर तुळशीपत्र.”

“मरन ना थे! तिले कोंबडी लागते, कच्ची.”

“आमच्या घरात कांदासुद्धा चालत नाही!”

“मंग विष्णूले पायी हिंडा लागन.”

“जरा इकडे सरक. कोंबडी तूच आणून दे बाप्पा. तिकडे केसपेपर काढायला बायको उभी आहे, अन् तो कोंबडीचा दुकानदार मला नावानं हाक मारतो.”