मधल्या ठिपक्याकडे बघा

तपासनीस : मास्तर, परत नजर फिरली. मधल्या पिवळ्या ठिपक्याकडेच बघायचं.

मास्तर : ठिपक्याकडेच बघतोय की.

तपासनीस : मला इकडे स्क्रीनवर तुमचा डोळा दिसतो. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मग आरशात बघावं तसा वर गेला. थांबवते मी यंत्र.

मास्तर : जन्मभर तेच केलं गं. समोर, वरचा आरसा, बाजूचा आरसा, परत समोर. एका जागी टक लावून बसलेला ड्रायव्हर म्हणजे झोपलेला ड्रायव्हर. तुलाही हेच शिकवलं होतं.

तपासनीस : शिकवलंत. डोक्यात टपल्या मारून शिकवलंत. आणि आज मी नेमकं उलटं सांगतेय. डोळे हलवू नका.

मास्तर : सूड उगवतेयस, हाफक्लच.

तपासनीस : त्या नावाने इथे हाक मारू नका. बाहेर पेशंट बसलेत.

मास्तर : अख्खा चढ हाफ क्लचवर चढवणारी माझ्याकडे दुसरी कोणी आली नाही. गाडीत जळका वास दोन दिवस राहिला होता.

तपासनीस : हनुवटी टेकवा. कपाळ पट्टीला लावा. आता नीट ऐका. या पांढऱ्या वाडग्यात कुठेही बारीकसा दिवा लागेल. वर, खाली, कडेला, कुठेही. ठिपक्यावरची नजर न काढता तो जाणवला की बटण दाबायचं. नाही जाणवला तर नाही दाबायचं. इतकंच.

मास्तर : आणि दोन्ही डोळे उघडे?

तपासनीस : दोन्ही. एकेका डोळ्याची तपासणी मागच्या वेळीच झाली. काचबिंदू आहे हे त्यात कळलं. गाडी चालवायची की नाही, ते दोन्ही डोळे मिळून किती दिसतं यावर ठरतं.

मास्तर : म्हणजे माझं लायसन्स या वाडग्यात आहे.

तपासनीस : लायसन्सचं डॉक्टरीणबाई ठरवतील. मी फक्त बटण मोजते. सुरू करू?

मास्तर : कर.

तपासनीस : छान. असंच... छान... मास्तर, हे काय?

मास्तर : काय झालं?

तपासनीस : आत्ता दिवा लागलाच नव्हता. तुम्ही दाबलंत. आणि एकदा नाही, चार-पाच वेळा झालं हे.

मास्तर : यंत्र खर्र करतं ना जागा बदलताना. खर्र झालं की दिवा येतो.

तपासनीस : आवाज ऐकून दाबता?

मास्तर : आवाज ऐकून गाडी चालवतो मी. आणि दिसलं नाही म्हणजे नाही, असं थोडंच असतं? वळणापलीकडे माणूस दिसत नाही, पण आहे असं धरायचं. उभ्या बसच्या पुढून पोर पळत येणार असं धरायचं. दिसेपर्यंत वाट बघणारा मारतो कुणाला तरी.

तपासनीस : रस्त्यावर ते बरोबर आहे. पण यंत्र मुद्दाम मधूनच नुसता आवाज करतं, दिवा लावत नाही. आवाजावर दाबणारा पकडायलाच. तुमचा हा निकाल डॉक्टरीणबाई बघणारसुद्धा नाहीत. अंदाजपंचे दाबलं म्हणून बाजूला ठेवतील.

मास्तर : मग पुन्हा घे.

तपासनीस : घेते. पण या वेळी धरून चालायचं नाही. जे दिसेल तेच. तुम्ही मला लायसन्सच्या परीक्षेला पाठवलं नव्हतं, आठवतं? बरोबरच्या सगळ्या मुली गेल्या, मी राहिले. गाडी मागे घेताना मी आरशात न बघता अंदाजाने घेत होते म्हणून. तुम्ही म्हणालात, तू पास होशील, पण मला झोप लागणार नाही.

मास्तर : तीन दिवस रडलीस.

तपासनीस : एक दिवस. मग बाकीचे दोन दिवस तुम्हाला शिव्या दिल्या. चला, हनुवटी.

मास्तर : खरं सांगू? हात घामेजलाय. बटण निसटतंय.

तपासनीस : पुसा. हा घ्या कागद. घाई नाही... सुरू करते. ठिपक्याकडे... बरोबर... छान... डोळा अगदी जागेवर आहे, शाब्बास... थोडंच राहिलं... झालं. मागे टेकून बसा. मोठा दिवा लावते.

मास्तर : या वेळी दिवे कमी होते.

तपासनीस : दिवे तेवढेच होते.

मास्तर : मध्ये बराच वेळ नुसतं खर्र खर्र चाललं होतं. मी हात आवरला. म्हटलं, फसवतंय.

तपासनीस : फसवत नव्हतं. इकडे, या स्क्रीनकडे बघा. हा तुमच्या समोरचा सगळा भाग. ही गोल चिन्हं म्हणजे दिसलेले दिवे. हे काळे चौकोन म्हणजे दिवा लागला आणि तुम्ही दाबलं नाही.

मास्तर : वरचं सगळं गोल आहे.

तपासनीस : वरचं चांगलं आहे. उजवीकडचंही. हा डावीकडचा खालचा कोपरा बघा.

मास्तर : सगळे चौकोन.

तपासनीस : जवळजवळ सगळे. दोन्ही डोळ्यांचा तोच भाग गेलाय, म्हणून एकाचं दुसऱ्याने भरून निघत नाही.

मास्तर : पण मला तिथे काळं काही दिसत नाही. काळा डाग असता तर मी स्वतःच आलो असतो.

तपासनीस : हीच तर या रोगाची लबाडी आहे. काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रस्ता घेतो आणि ती जागा भरून टाकतो. डांबर, फुटपाथ, सगळं जिथल्या तिथे वाटतं. फक्त तिथे उभा असलेला माणूस त्यात येत नाही.

मास्तर : थेंब घालतोय ना मी रोज. न चुकता.

तपासनीस : घालाच. उरलंय ते थेंबांनी टिकतं. गेलेलं परत येत नाही.

मास्तर : हं. ऐक, तुझ्या काकूला आत बोलवायच्या आधी एक सांग. मी गाडी चालवत नाही तसा. चालवतात विद्यार्थी. मी नुसता शेजारी बसतो.

तपासनीस : शेजारी तुमच्या पायाखाली ब्रेक आहे, मास्तर. त्या ब्रेकच्या भरवशावर आम्ही शिकलो. आणि तुम्ही बसता ती फुटपाथाची बाजू. नेमका हाच कोपरा.

मास्तर : हिला यातलं लगेच काही सांगू नकोस. मी घरी गेल्यावर बोलतो. बाहेर बसली असेल, बोलव तिला.

काकू : मी इथेच आहे.

मास्तर : अगं! तू कधी आलीस?

काकू : तिने मोठा दिवा लावला तेव्हा. तुमच्या डाव्या हाताला हे बुटकं स्टूल आहे, त्यावर बसलेय. माझी पिशवी तुमच्या गुडघ्याला लागतेय.

मास्तर : मला वाटलं खुर्चीचा पाय आहे.

काकू : तोच तर प्रश्न आहे ना सगळा.

तपासनीस : काकू, पाणी देऊ?

काकू : यांना दे. अहो, मला आता बोलायचंच आहे, हिच्यासमोर बोलते म्हणजे तुम्ही उठून अंगणात जाणार नाही. ती बँकेतली मुलगी शिकायला येत होती, मध्येच सोडून गेली. का गेली?

मास्तर : घाबरट होती. रिकाम्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तिने. मागची गाडी आदळता आदळता राहिली. ओरडलो मी. ओरडायलाच हवं होतं.

काकू : ती मला भाजी घेताना भेटली. म्हणाली, काकू, डावीकडून सायकलवाला आडवा आला, मी ब्रेक मारला. सरांनी मारला नाही. वर मलाच म्हणाले, कुणी नसताना ब्रेक का मारतेस? ती म्हणाली, सर एवढे ठामपणे म्हणाले की मलाच वाटलं, आपल्याला भास झाला.

मास्तर : मी तिथेच बघत होतो. कुणी नव्हतं.

काकू : अहो.

मास्तर : शपथेवर सांगतो, मोकळा रस्ता होता. मला स्वच्छ दिसत होता तो रस्ता... म्हणजे तो सायकलवाला होता.

तपासनीस : असणार, मास्तर.

मास्तर : माझ्या ब्रेकवर पाय होता माझा. तयारीत. आणि तिने दाबला नसता तर...

काकू : तिने दाबला. चांगलं शिकवलं होतंत तुम्ही तिला.

मास्तर : तिला मूर्ख म्हणालो मी. लोकांसमोर.

काकू : फोन करा तिला. नंबर आहे माझ्याकडे. मी तेव्हापासून तुमच्या गाडीत बसायचं टाळत होते. गुडघा दुखतो म्हणायचे. गुडघ्याला काही झालेलं नाही. भीती वाटत होती, आणि ते तुम्हाला सांगायची त्याहून जास्त भीती वाटत होती.

मास्तर : हाफक्लच, हा निकाल आत पाठव. आधीचा नको. हाच.

तपासनीस : पाठवला, मास्तर. तुम्ही आत जा. मी तुमच्यासारखं बोलू का एकदा? तुम्ही हो म्हणालात तरच.

मास्तर : बोल.

तपासनीस : तुम्ही चालवलीत तर मला झोप लागणार नाही.

(दवाखान्याच्या पार्किंगमध्ये. छतावर ड्रायव्हिंग शाळेची पाटी असलेली गाडी.)

काकू : किल्ली द्या.

मास्तर : रिक्षा करू. गाडी उद्या कुणाला तरी न्यायला सांगू.

काकू : कुणाला तरी म्हणजे कुणाला? माझ्याकडे लायसन्स आहे. तुमची पहिली विद्यार्थिनी मी. शाळेची पाटी रंगवायच्या आधीची.

मास्तर : कपाटातलं लायसन्स आहे ते. किती वर्षांत हात लावला नाहीस तू स्टिअरिंगला.

काकू : दर आठवड्याला लावते. ताईच्या गाडीने बाजारहाट कोण करतं?

मास्तर : ताई करते.

काकू : ताईला रिव्हर्स येत नाही. तिच्या गेटातून गाडी आपोआप बाहेर येते का?

मास्तर : मला कधी बोलली नाहीस.

काकू : बोलले असते तर तुम्ही शेजारी येऊन बसला असता. तुमचा तो ब्रेक. मी दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकायची, तुमचा पाय ब्रेकवर. मी सिग्नल बघायच्या आधी तुमचा पाय. माझी गाडी मला कधी थांबवू दिलीत? म्हणून सोडलं तुमच्याबरोबर चालवणं. किल्ली.

मास्तर : घे. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते नीट ऐकलंस ना? मी अर्धंच ऐकलं.

काकू : म्हणाल्या, आजपासून चालवायचं नाही आणि त्या ब्रेकवरही बसायचं नाही. चार महिन्यांनी पुन्हा तपासणी, थेंब चालूच. खुणा, नियम, इंजिन, हे वर्गात खुशाल शिकवा म्हणाल्या.

मास्तर : फळ्यासमोर. गाडी शिकवणारा फळ्यासमोर उभा. पोरं हसतील.

काकू : हसू देत. गाडीवर तुमच्या भाच्याला बसवा. तो किती दिवस मागे लागलाय.

मास्तर : तो मवाळ आहे. टपली मारणार नाही कुणाला.

काकू : बरं होईल. अहो, तिकडे कुठे निघालात?

मास्तर : माझ्या सीटवर.

काकू : मागे बसा.

मास्तर : मागे? माझ्याच गाडीत?

काकू : तिथे ब्रेक आहे. पायाला सवय आहे तुमच्या. मागे बसा.

मास्तर : ही गाडी घेतल्यापासून मागच्या सीटवर बसलो नाही मी. इथली स्प्रिंग टोचते.

काकू : विद्यार्थी कधीचे सांगत होते. बेल्ट लावा.

मास्तर : लावला. आरसा तुझ्या उंचीला करून घे. सीट पुढे. न्यूट्रल बघ.

काकू : बघितलं.

मास्तर : हिचा क्लच वरती पकडतो.

काकू : कळलं. निघू?

मास्तर : निघ... पाय उगाच दाबतोय मी. इथे खाली नुसती चटई आहे.

काकू : दाबा. चटईला काही होत नाही.

मास्तर : रडू येतंय गं मला.

काकू : येऊ द्या. मी आरसा वर केलाय, मला दिसत नाही. हे गेट आलं. उजवीकडे मोकळं आहे. डावीकडेही कुणी नाही.

मास्तर : नीट बघितलंस?

काकू : वाकून बघितलं. कुणी नाही.

मास्तर : आहे असं धर.

काकू : धरलंय. म्हणून तर अजून थांबलेय.