पहिलं दालन

...आणि परत दगड! अहो, हसता काय? खरं सांगतो तुम्हाला, राजधानीतली तीन संग्रहालयं झाली माझी, तीन, आणि उद्या कुणी विचारलं की काय काय पाहिलंत, तर मी काय सांगणार? दगड! राजे नाहीत, तलवारी नाहीत, सोन्याचं सिंहासन म्हणे दुसऱ्या मजल्यावर आहे... असेल बुवा, मी नाही पाहिलं. मी दगड पाहिले. टोकदार दगड, बोथट दगड, आणि एक नुसताच दगड, त्याच्याखाली पाटी, 'उपयोग अज्ञात'. तो बघून मात्र मला जरा बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्यातलं कुणीतरी आहे इथे.

का दगड? तर आमची ही! हिला कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करता येत नाही. वर्तमानपत्र घेतलं की डोक्यावरच्या तारखेपासून ते तळाशी छापखान्याचा पत्ता असतो ना, तिथपर्यंत. औषधाच्या खोक्यातला तो घड्या घातलेला कागद, जो तुम्ही-आम्ही उघडायच्या आधी फेकतो, तो ही चष्मा लावून वाचते, आणि वर मला ऐकवते. आणि मी? एकदम उलटा. रहस्यकथा हातात घेतली की मी आधी शेवटचं पान उघडतो. खून कुणी केला ते कळलं की मग उशीला टेकून निवांत वाचायचं. लग्न झाल्यापासून यावर भांडण आहे आमचं. ही म्हणते, 'अहो, शेवट आधीच वाचला तर मधलं कशाला वाचायचं?' मी म्हणतो, अगं, शेवट माहीत नसताना मधलं वाचायला धीर कुठून आणायचा?

तर आता मला सांगा, इतिहासाच्या संग्रहालयात पहिलं दालन कशाचं असतं? अश्मयुग! एका संग्रहालयात नाही, तिन्ही संग्रहालयांत! जणू सगळ्यांनी बसून ठरवलंय. आणि आमची ही पहिल्या दालनात, पहिल्या पेटीपाशी उभी राहते, पहिली पाटी वाचते, मोठ्यानं, मला ऐकू यावं म्हणून, मग दुसरी, मग तिसरी... लोक येतात, जातात, शाळेची पोरं आमच्या बगलेखालून पळत सिंहासनाकडे जातात, सिंहासन बघून परत पण येतात, आणि आम्ही? दगडात! मग घंटा होते, 'चला, चला, बंद करायची वेळ झाली', की बाहेर. दुसऱ्या दिवशी म्हटलं, काल जिथे सोडलं तिथून पुढे जाऊ, तर ज्याच्याकडे उतरलो होतो तो मेहुणा म्हणाला, 'भाऊजी, आज नदीपलीकडचं बघा, ते तर याहून मोठं आहे!' मोठं म्हणजे काय, तर त्यांच्याकडे जास्त दगड!

तुम्ही म्हणाल, एवढा वैताग तर गेलात कशाला? सांगतो. लपवायचं काय त्यात. आंघोळ करताना हिच्या हाताला छातीत गाठ लागली. आमच्याकडच्या डॉक्टरांनी तपासलं, आणि लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. म्हणाले, 'राजधानीत दाखवून घ्या.' तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात सुई घालून तुकडा काढला आणि सांगितलं, 'शुक्रवारी या.' आणि वार कुठला? सोमवार! आता सोमवारपासून शुक्रवारपर्यंत माणसानं करायचं काय? मेहुण्याच्या घरी बसावं, तर त्याच्या घरातले सगळे हलक्या पावलानं चालतात, दारं हळू लावतात, टीव्ही मुका ठेवून बघतात. शेवटी मेहुणाच म्हणाला, 'भाऊजी, संग्रहालयं बघा! मन रमतं!'

मन! कुठलं मन? दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, मग गाल आपलाच नाही असं वाटतं, बोट लावलं तरी दुसऱ्याच कुणाला तरी लावल्यासारखं... तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. मेहुण्याच्या बायकोनं चहा दिला, म्हणाली, 'साखर बरोबर आहे ना?' म्हटलं, अगदी बरोबर. नंतर कळलं, साखर घालायलाच विसरली होती ती. दिवसभर उभा राहायचो, पण पाय दुखतील तर शपथ. रडू नाही, भूक नाही, काही नाही. नुसता बधीर. पेटीतल्या दगडावर निदान दिवा तरी होता.

आणि त्या दिव्यांची गंमत ऐका. तिसऱ्या संग्रहालयात वीज वाचवायची म्हणून दिवे असे बसवलेत की माणूस हलला तर लागतात, कुणी हललं नाही तर आपोआप जातात. आता आमची जोडी बघा. ही एकाच पाटीवर खिळलेली, आणि मी तिच्या मागे खांबासारखा. झालं! दिवा गेला! काळोख! कोपऱ्यातून खुर्चीवरचा पहारेकरी ओरडतो, 'ओ साहेब, हला जरा! माणूस उभा आहे हे त्याला कळत नाही!' म्हटलं, मलाच कळत नाही हो, त्याला कुठून कळणार? आणि ही काय करते? मान वर न करता हातातली पर्स हवेत हलवते. दिवा लागला. पुढचं वाक्य. थोड्या वेळानं परत काळोख, परत 'ओ साहेब!', परत पर्स. पहारेकऱ्याला वाटलं असेल, हा माणूस बाईंनी पेटीतूनच बाहेर काढून उभा केलाय.

गुरुवारी मात्र माझा तोल गेला. हाडांच्या सुयांपाशी होतो आम्ही. हो, हाडांच्या! प्रगती! दगड संपून हाडं लागली होती! ही वाचतेय, 'या सुयांनी कातडी शिवली जात असावीत...' आणि मी त्या शांत दालनात ओरडलो, अगं, उद्या शुक्रवार आहे! वर सिंहासन आहे! एकदा, आयुष्यात एकदा तरी, शेवटच्या दालनापासून सुरू करू या ना! तर ही चष्म्यावरून माझ्याकडे बघते आणि म्हणते, 'शेवटी काय आहे ते शेवटी दिसेलच की.' आणि पुढची पाटी! राग आला मला. खरंच सांगतो, मनापासून राग आला. म्हटलं, हिला काही वाटतच नाही का? इथे माझ्या जिवाला घोर लागलाय, आणि या बाईला पडलंय ते कुणाच्या तरी हजारो वर्षांपूर्वीच्या शिवणकामाचं!

शुक्रवार उजाडला. हॉस्पिटल. बाकावर आम्ही दोघं. समोर भिंतीवर पाटी होती, पादत्राणं बाहेर काढावीत वगैरे, लांबलचक, अगदी हिच्या आवडीची. आणि हिनं ती वाचली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी बधीर! नाव पुकारलं, आत गेलो. डॉक्टर तरुण, आमच्या मुलीच्या वयाची, शांत. तिनं सुरुवात केली, 'असं आहे बघा, आपण सोमवारी जो तुकडा काढला होता, तो आधी प्रयोगशाळेत...'

'डॉक्टर, शेवटचं आधी सांगा.'

कोण बोललं? अहो, मी नाही! मी वळून बघितलं, म्हटलं तिसरं कुणी आत आलंय की काय. ही! आमची ही! आवाज एवढासा, गेलेला. आणि तेव्हा मला हिचा हात दिसला. पर्सचा पट्टा मुठीत इतका आवळलेला की बोटं पांढरी पडली होती. म्हणजे चार दिवस ही घाबरलेली होती हो. माझ्याहून जास्त. पुढच्या दालनात जायचंच नव्हतं हिला, म्हणून एकेक दगड धरून बसली होती, आणि मी मागे उभं राहून हिच्यावर चिडत होतो! जाऊ द्या.

डॉक्टर थांबली. तिनं समोरचं सगळं बाजूला सारलं आणि म्हणाली, 'गाठ वाईट आहे. पण तुम्ही लवकर आलात. ऑपरेशन करू, मग औषधं. बरेच महिने चालेल, सारखं इथे यावं लागेल. त्रास होईल, पण माझी आशा चांगली आहे.' आता हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, ते ठीक, पण डॉक्टर, म्हणजे शेवट काय? तर हसली आणि म्हणाली, 'काका, आत्ता कुठे आपण सुरुवात करतोय.'

हिनं श्वास सोडला. मूठ सैल केली. पर्स उघडली, चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला, आणि म्हणाली, 'हं. मग आता पहिल्यापासून सांगा.' आणि तुम्हाला सांगतो, त्या बिचाऱ्या डॉक्टरला हिनं असं काही धारेवर धरलं, प्रत्येक औषधाचं नाव, ते कशासाठी, ते आधी का आणि हे नंतर का... बाहेरचे लोक दारातून डोकावून गेले. मी बसलो होतो, नाक पुसत.

बाहेर आलो. म्हटलं, आता हिला आराम हवा. रिक्षाला हात केला, तर ही म्हणते, 'अहो, दुपार मोकळीच आहे.' मला काय ते कळलं. म्हटलं, चल बाई. हाडांच्या सुयांपर्यंत आलो होतो ना, तिथून पुढे. तर म्हणते, 'छे! मध्ये खंड पडलाय. पहिल्यापासून.'

झालं! परत तेच दार, तेच दालन, तोच पहारेकरी, मला बघून त्यानं कपाळाला हात लावला. पहिली पेटी, पहिली पाटी. ही वाचतेय. आणि अहो, माझे पाय दुखायला लागले! आठवडाभर दुखले नव्हते, आता पोटऱ्यांतून कळा. ही एका पाटीवर अडकली आणि गेला दिवा. काळोख. पर्स हलेना. हिचा आवाजही थांबला. मग मीच केले दोन्ही हात वर, आणि हलवतोय, हलवतोय, शाळेतल्या कवायतीसारखे, उड्यासुद्धा मारल्या असत्या, पण पोटऱ्या! पहारेकरी तिकडून, 'लागला, लागला! बास करा साहेब!' मी कुठला थांबतोय!

दिव्यात बघितलं तर ही डोळे पुसत होती. चष्मा परत नीट बसवला, आणि मला म्हणते काय, 'तुमच्या या नाचापायी माझी ओळ चुकली. आता ही पाटी परत वरपासून वाचायला लागणार.'

म्हटलं, वाच. दगडच आहे ना? वाच बाई, सावकाश वाच.