हत्तीचे मागचे पाय

(क्लेटन, मेलबर्न, २००८. चार विद्यार्थ्यांनी मिळून भाड्याने घेतलेलं घर. शनिवारची दुपार. मोहन ओट्याशी कांदा चिरतोय. यतिन दारात उभा.)

यतिन : फक्त मागचे पाय, मोहनदादा. पुढचे पाय, सोंड, ओरडणं, सगळं मी बघतो.

मोहन : अरे, चौतीस वर्षांचा माणूस आहे मी. एका मुलीचा बाप. नाशकात बँकेत होतो, लोक नमस्कार करायचे. आणि तू मला हत्तीचे मागचे पाय हो म्हणतोस?

यतिन : शैलेंद्र असता तर म्हटलं नसतं. तो इथे कायमचं राहता यावं म्हणून, पीआरच्या पॉइंट्ससाठी ॲडलेडला गेला.

मोहन : म्हणजे रविवारी तुम्ही दोघं हे करायचात? मला वाटायचं लायब्ररीत जाता.

यतिन : पार्कात. बेसिकली, युनीचा क्लब आहे. महिन्यातून एकदा अर्धे जण रोमन होतात, अर्धे कार्थेजवाले. पुठ्ठ्याच्या ढाली असतात, फोमच्या तलवारी. प्रॉपर जुन्या लढाया करतात.

मोहन : रोमन ऐकलेत. हे दुसरे कोण?

यतिन : कार्थेज. आफ्रिकेतलं शहर, आत्ताच्या ट्युनिसजवळ. रोमशी त्यांचं शंभर वर्षं वैर. हॅनिबल त्यांचाच. हत्ती घेऊन आल्प्स ओलांडला ना, तो.

मोहन : जिंकला का मग?

यतिन : बऱ्याच लढाया जिंकला. शेवटची हरला. उद्या तीच आहे, झामाची.

मोहन : म्हणजे हरायला जायचं, आणि तेही मागून.

यतिन : दादा, प्लीज.

मोहन : आणि एवढ्या पोरांत हत्ती तुझ्याच गळ्यात कसा पडला?

यतिन : पहिल्या दिवशी विचारलं, कुठला. इंडिया म्हटलं. सगळे एकदम खूश झाले. हत्तीचा सांगाडा नुसता पडून होता त्यांच्याकडे, कुणी आत शिरत नव्हतं. आणि ॲक्च्युअली, जुन्या पुस्तकांत पण आहे हे. त्या काळी माहुताला इंडियनच म्हणायचे, मग तो कुठलाही असो.

मोहन : तू हत्ती पाहिलायस का जन्मात?

यतिन : पेशवे पार्कात. शाळेची ट्रिप होती.

मोहन : सोंड कशाची केलीत?

यतिन : व्हॅक्युम क्लीनरचा पाइप आहे.

मोहन : धन्य आहे. हे बघ, उद्या माझी शिफ्ट आहे. रविवारी बफे असतो, शेफ सोडत नाही.

यतिन : तुम्हीच मागून घेता ना रविवार?

मोहन : मग काय करू घरी बसून? पूर्वी रविवारी फोन केला की मिताली कार्ड संपेपर्यंत बोलायची. शाळेत काय झालं, कोण पडलं, कुणाला मारलं. आता म्हणते, "बाबा, कार्टून लागलंय." फोन लगेच आईकडे. सहा वर्षांची आहे, तिला काय बोलणार? त्यापेक्षा बटाटे सोललेले बरे.

यतिन : हं.

मोहन : आणि तुझंही काही कळत नाही मला. ते हत्तीला बोलावतात, यतिन. तुला कोण बोलावतंय तिथे? नाव तरी माहितीये का त्यांना तुझं?

यतिन : "एलिफंट" म्हणतात. पण हत्ती आणायला मीच लागतो ना. आठवडाभर आधी मेसेज येतो, येतोयस ना म्हणून. इथे मला दुसरं कोणी विचारत नाही येतोयस का. आईला सांगितलंय मी, रविवारी मित्रांबरोबर असतो.

मोहन : मग त्या मित्रांतलाच एखादा घे मागच्या पायांना.

यतिन : घेतला होता मागच्या महिन्यात. दादा, झामाला काय झालं माहितीये? रोमनांनी सैन्यात मध्ये मध्ये गल्ल्या ठेवल्या होत्या. हत्ती धावून आले की बाजूला व्हायचं, वाट द्यायची. हत्ती गल्लीतून सरळ मागे निघून जाणार. पुढची लढाई माणसांची. क्लबला ती आयडिया इतकी आवडलीय की लढाई कुठलीही असो, हत्तीला गल्लीच.

मोहन : बरं, मग?

यतिन : मग काय, आम्ही धावतो. सगळे हसत हसत बाजूला होतात. कुणाचा हातसुद्धा लागत नाही. जरा वेळात आम्ही पलीकडे, टॉयलेट ब्लॉकपाशी. मागे लढाई चालू, आणि आम्हाला परत जायचं नसतं.

मोहन : का?

यतिन : त्या गल्लीतून गेलेले हत्ती परत आले नाहीत. त्यांना इतिहास बरोबर लागतो.

मोहन : मग तिथे करायचं काय?

यतिन : शैलेंद्र होता तेव्हा हत्तीच्या सांगाड्यावर घातलेल्या चादरीतच बसायचो. आत वारा लागत नाही. नुसती बडबड. त्याच्या बहिणीचं लग्न, माझा गेलेला डेटाबेसचा पेपर. एकदा मिसळीवरून भांडलो, पुण्याची की कोल्हापूरची. लढाई कधी संपायची, कळायचंसुद्धा नाही.

मोहन : आणि मागच्या महिन्यात?

यतिन : ॲशली म्हणून होता. चांगला आहे हो. पलीकडे पोचलो, तो म्हणाला "सी या मेट", चादरीतून बाहेर पडला आणि रोमन व्हायला पळत परत गेला. मी बसून राहिलो. आरडाओरडा थांबला. मग सॉसेजचा वास आला. कुणी बोलवायला आलं नाही. त्यांची चूक नाही, त्यांना वाटलं असेल घरी गेलो.

मोहन : अरे, मग उठून जायचं ना आपणच.

यतिन : रडत होतो. तसं तोंड घेऊन बाहेर कसा येणार?

मोहन : मला नाही सांगितलंस ते.

यतिन : तुम्ही शिफ्टला होतात. दादा, मागचे पाय ॲशलीपण होईल, तो नाही म्हणणार नाही. मला पलीकडे कुणीतरी हवंय.

मोहन : ये इकडे. हा कांदा चिर.

यतिन : तुम्ही कुठे चाललात?

मोहन : हात धुतो. किचनला फोन करायचाय.

यतिन : शेफला काय सांगणार?

मोहन : सांगतो, घरचं काम निघालंय.