केक विकून आमदार झालेला माणूस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे प्रमुख मर्ल डिट्झ. ज्या फळ्यांवर एरवी आपण बिंगो खेळवतो त्याच फळ्यांच्या आजच्या व्यासपीठावर विराजमान असलेले आपले मावळते आमदार डेल्मर यॉस्ट. त्यांच्या शेजारी, मधे एक खुर्ची रिकामी सोडून बसलेले आपले नवे आमदार ब्रेंट हॅगर्टी. डेल्मरची पत्नी नेडीन. महिला मंडळातल्या माझ्या मैत्रिणी. आणि हरणांच्या शिकारीचा हंगाम चालू असताना बंदुका घरी ठेवून इथे आलेले समस्त पुरुष. इतके पुरुष डिसेंबरातल्या शनिवारी एका छपराखाली दिसणं हा डेल्मरचा मान आहे की जेवण फुकट असल्याचा परिणाम, यावर मी भाष्य करणार नाही.

मी वर्ना होस्टेटर. बावीस वर्षं या हॉलच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण मागे कोपऱ्यात राजधानीच्या वर्तमानपत्रातली एक मुलगी वही घेऊन बसली आहे, तिच्यासाठी सांगितलं. बाळ, पुढे येऊन बस, तिथे वारा लागतो. मर्लने मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या पाच मिनिटांचा मर्लला जुना अनुभव आहे.

तर या मुलीच्या वर्तमानपत्राने निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी छापलं की आरोग्य कायद्याला पाठिंबा दिला म्हणून आमदार यॉस्ट पडले. मोठा मथळा होता. खाली एका प्राध्यापकाचा लेख होता, त्यात आलेखही होता. मी तो लेख दोनदा वाचला. त्यात आपल्या गावाचं नाव बरोबर छापलं होतं, एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

आता खरं काय घडलं ते ऐका.

आपल्याकडे माणूस आजारी पडला की आधी डॉक्टरकडे जातो आणि मग या हॉलमध्ये येतो. म्हणजे तो येत नाही, त्याचा फोटो येतो. पैसे जमवायला पेट्रोल पंपाच्या काउंटरवर बरणी, बरणीवर फोटो, आणि शनिवारी इथे मदतीचं जेवण. स्पॅगेटी, ब्रेड, कोबीची कोशिंबीर, आणि शेवटी केकचा लिलाव. केक आपल्याच बायका करतात, आपलीच माणसं बोली लावतात, आणि ज्याने घेतला तो परत देतो, म्हणजे पुन्हा विकता येतो. माझा सफरचंदाचा केक एका संध्याकाळी सहा वेळा विकला गेला आहे. शेवटी तो कोणी खाल्ला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

हा लिलाव पुकारायचा डेल्मर. पेशाच त्याचा तो. शेतावरची अवजारं, गुरं, म्हाताऱ्या माणसांचं सामान विकणारा माणूस. पण जुना ट्रॅक्टर विकताना त्याची जीभ जेवढी चालायची त्याच्या दुप्पट केक विकताना चालायची. "लॉईड, तुझ्या बायकोने गेल्या वर्षी असा केक केला होता का? नाही ना? मग हात वर कर!" लॉईड म्हणजे माझा भाऊ, तो बघा तिसऱ्या टेबलावर, आत्ताही त्याने हात वर केला. खाली घे, लॉईड.

अशी वर्षाला पंचवीस-सव्वीस जेवणं. प्रत्येक घरात कोण आजारी, कोणाला काय चालतं, कोणाची आई ऐकू येत नाही म्हणून चिडते, हे डेल्मरला पाठ. असा माणूस आमदार नाही होणार तर कोण होणार? पाच वेळा झाला. आणि पाचही वेळा याच जागेवरून सांगायचा, "आपल्याकडे शेजाऱ्याला शेजारी पुरेसा आहे. सरकारने आपल्या पातेल्यात डाव घालू नये." राजधानीत तो आरोग्य कायद्याच्या विरोधात मत द्यायचा आणि शनिवारी इथे येऊन केक विकायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो. हातात ताटं असल्यामुळे जरा अडचण व्हायची, पण वाजवायचो.

मग क्लीट बॉयरचं जेवण आलं. क्लीट छपरं घालायचा. या हॉलचं छप्परही त्यानेच घातलं आहे. त्याला रक्ताचा आजार निघाला आणि आम्ही त्याच्यासाठी जेवण ठेवलं. मग दुसरं ठेवलं. मग तिसरं. तिसऱ्या वेळी माणसं आली, पण खिसे आधीच रिकामे झाले होते. रुथअ‍ॅनने, क्लीटच्या बायकोने, स्वतः नारळाचा केक करून आणला होता. डेल्मर पुकारायला लागला. वीस डॉलर. वीस. कोणी पंचवीस म्हणेल का? कोणी म्हणेना. तो टेबलाटेबलाकडे बघत होता आणि माणसं आपल्या ताटाकडे बघत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "पंचवीस."

ती रुथअ‍ॅन होती.

स्वतःच्या नवऱ्याच्या आजारासाठी स्वतः केलेला केक ती स्वतः विकत घेत होती. तिला वाटलं, सगळे आपल्यासाठी आलेत, आपण नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. डेल्मरचं तोंड उघडं होतं आणि आतून काही येत नव्हतं. मग तो म्हणाला, "लिलाव संपला, घरी जा सगळे." एवढंच.

क्लीट मार्चमध्ये गेला. एप्रिलमध्ये विधानसभेत तो कायदा पुन्हा आला: ज्यांना विमा परवडत नाही त्यांना राज्याचं कार्ड. डेल्मरने हात वर केला. एका मताने कायदा झाला. ते एक मत कोणाचं हे राजधानीत वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात. आम्हाला माहीत आहे.

त्या रात्री मी त्याला फोन केला. म्हटलं, "डेल्मर, डोकं फिरलं का तुझं? पडशील."

तो म्हणाला, "वर्ना, मला तो केक विकता आला नाही."

मी फोन ठेवला आणि रडले. हे आज पहिल्यांदा सांगते आहे.

पुढे ते कार्ड आलं. हिरव्या रंगाचं, वर देवदाराचं झाड. सगळे त्याला देवदार कार्ड म्हणतात. अर्ज भरून द्यायचं काम मी घेतलं, इथेच, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. कोणाकोणाचे भरले ते सांगणार नाही, मी शपथ घेतली आहे. एवढंच सांगते की चार नंबरच्या टेबलापासून अकरा नंबरच्या टेबलापर्यंत सगळ्यांचं माझ्याशी हल्ली फार गोड बोलणं असतं. फक्त माझ्या भावाचं सांगते, कारण तो ते स्वतःच सगळीकडे सांगतो. निवडणुकीच्या आधी मी त्याला विचारलं, "लॉईड, तुझ्या मधुमेहाच्या गोळ्या कशा चालल्यात?"

"झकास. देवदार कार्ड आहे ना."

"मग डेल्मरला मत देणार ना?"

"छे! त्याने तो सरकारी कायदा आणला. माझा सरकारी मदतीला तत्त्वतः विरोध आहे."

"अरे, ते कार्ड म्हणजेच तो कायदा."

"वर्ना, तू मंडळातल्या बायकांत राहून राहून काहीही बोलायला लागली आहेस. कार्डावर झाड आहे."

हसू नका. लॉईड एकटा नाही, आणि लॉईडमुळे डेल्मर पडलेला नाही. लॉईडने त्याला कधीच मत दिलेलं नाही. आईला लग्नात मिळालेलं आमचं कपाट डेल्मरने लिलावात स्वस्तात विकलं, हे त्याचं कारण आहे आणि ते कायद्याच्या फार पूर्वीचं आहे.

खरा घोटाळा वेगळाच झाला. कार्ड आलं आणि मदतीची जेवणं बंद पडली. सव्वीसची झाली तीन. त्यातलं एक कुत्र्यासाठी होतं. माणसं आजारी पडत होती, दवाखान्यात जात होती आणि घरी येत होती. बरणी नाही, फोटो नाही, स्पॅगेटी नाही, आणि डेल्मरही नाही. ज्या फळ्यांवर उभा राहून हा माणूस पाच वेळा निवडून आला, त्या त्याने स्वतःच्या हाताने उपटल्या. मी उन्हाळ्यात दारोदार फिरले. कायद्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे एकच म्हणत होते, "डेल्मर हल्ली दिसत नाही बाई. मोठा झाला आता." कसा दिसेल? तुम्ही तुमची मूत्रपिंडं घेऊन परस्पर दवाखान्यात जायला लागलात.

ब्रेंट मात्र दिसत होता. दर रविवारी हॉलमधल्या नाश्त्याला, बंदूक बक्षीस असलेल्या दर सोडतीला. ब्रेंट, तुला मी रविवारच्या शाळेत शिकवलं आहे, म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. तू कार्ड बंद करणार असं भाषणात म्हणालास. तुझी मर्जी, लोकांनी तुला निवडलं आहे. फक्त मला एक महिना आधी सांग. जेवणांसाठी पुन्हा कांदे आणावे लागतील.

आता डेल्मरकडे येते. डेल्मर, मान वर कर.

नेडीनने मला परवा स्वयंपाकघरात एक गोष्ट सांगितली आणि म्हणाली, कोणा एकालाही सांगू नकोस. मी एकाला सांगत नाहीये, सगळ्यांना सांगते आहे. डेल्मरच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नाही. जिना चढला की धाप लागते. वसंत ऋतूच्या आत शस्त्रक्रिया करा, त्यापुढे थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. आमदारकी गेली, तिच्याबरोबर आमदाराचा विमाही गेला. आणि आमच्या कृपेने आता त्याचं उत्पन्न देवदार कार्डाच्या अर्जात नेमकं बसतं. मी अर्ज भरून दोनदा त्याच्या घरी नेला. दोन्ही वेळा त्याने तो मला दारातून परत दिला. काय म्हणाला? म्हणाला, "वर्ना, लोकांनी ती गोष्ट नाकारली आहे. लोकांनी नाकारलेलं मी कोणत्या तोंडाने घेऊ?"

मर्लने मघाशी कानात विचारलं, "वर्ना, जानेवारीत डेल्मरसाठी एक जेवण ठेवू या का?" मी म्हटलं, "ठेवू. लिलाव कोण पुकारणार?"

डेल्मर, तू आठ मतांनी पडलास. वर्तमानपत्रात ते कायद्याचं फळ म्हणून छापून आलं आणि तू त्यावर विश्वास ठेवलास. या सभागृहात मी आज जे कबूल करते आहे ते मंडळाच्या बायकांनी मला कबूल करायला सांगितलेलं नाही. त्या आत्ता माझ्याकडे कशा बघताहेत ते तुम्हीच बघा.

मतदान याच हॉलमध्ये होतं, आणि मतदानाच्या दिवशी आमचं घेवड्याचं सूप असतं. पहाटे पाचला आम्ही अकराजणी आत शिरलो. मतदानाची जागा स्वयंपाकघराच्या दारापासून वीस पावलांवर. म्हटलं, जरा गर्दी ओसरली की जाऊन येऊ. त्या दिवशी गर्दी ओसरलीच नाही. ब्रेंटची माणसं सुपाला आली, डेल्मरची माणसं सुपाला आली, ज्यांना दोघांशी कर्तव्य नाही तीही सुपाला आली. रात्री आठला दारं बंद झाली तेव्हा आम्ही तळाशी लागलेलं पातेलं खरवडत होतो. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मी एकीला विचारलं, "तू मत कधी दिलंस गं?" ती म्हणाली, "मी तुझ्यानंतर जाणार होते." मग तिसरीला विचारलं. मग चौथीला. मग कोणी कोणाला विचारलं नाही.

अकराजणींपैकी एकीनेही मत दिलं नाही. त्यातली एक ब्रेंटची मावशी आहे, तिचं मत ब्रेंटलाच गेलं असतं, जाऊ दे. उरलेल्या दहा तुझ्या होत्या, डेल्मर. मीही त्यात होते. मावशीचं मत वजा करूनही तू एका मताने निवडून आला असतास, तुझा कायदा आला तसा.

तेव्हा लोकांनी काहीही नाकारलेलं नाही. लोक सूप वाढत होते.

आता आभार. मर्लने हॉल दिला, त्याचे आभार. रुथअ‍ॅन बॉयरने आज नारळाचा केक करून आणला आहे, तिचे आभार. हा केक विकायचा नाही, लॉईड, हात खाली. तो डेल्मरचा आहे. त्याच्या ताटलीखाली एक अर्ज आहे, तिसऱ्यांदा भरलेला.

बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक निघून गेलं असेल तर ते पोटात घाला. पण आमची एक चूक पोटात घालायची विनंती मी करणार नाही, कारण ती भरून काढायला या जन्मात आठ मतं काही परत मिळणार नाहीत. आमच्याकडून मत राहून गेलं, डेल्मर. तुझ्याकडून सही राहू देऊ नकोस.

नेडीन, पेन दे त्याला. आणि बाकी सगळ्यांनी कृपया बसून राहावं. स्पॅगेटी तयार आहे, पण ती सही झाल्यावर वाढली जाईल. आज आम्हाला स्वयंपाकघरात काहीही घाई नाही.