एका थांब्याला एक हात

हॅलो?… हो ताई, मीच… अगं मीच बोलतेय. आवाज घुमतोय म्हणून तुला तसं वाटतंय. खोली रिकामी आहे ना… शाळेतच आहे अजून. वर्गात… नाही, खुर्चीवर नाही, खाली बसलेय. जमिनीवर… पडले नाहीये गं. बसलेय. बसता येतं माणसाला जमिनीवर.

हो… हो, जेवायला येते म्हणाले होते. विसरले नाही… अगं ऐक ना. ऐक. आज काढलं सगळं.

सगळं म्हणजे गाव. आमचं वर्गातलं गाव… तू बघितलंयस की. गेल्या वर्षी आली होतीस तेव्हा पोरांनी दारातच तुझ्या चपला काढायला लावल्या होत्या, आणि तरी तू कुणाच्या तरी विहिरीत पाय घातलास… हां, तेच. पुठ्ठ्याची खोकी. ताई, आज एक दिवस त्यांना खोकी म्हणू नकोस. उद्यापासून म्हण.

नाही, रडत नाहीये. मघाशी रडले. आता नुसतं नाक वाहतंय.

काय विचारतेस, का म्हणजे? सांगितलं होतं ना तुला, निकाल आले म्हणून… हो, आमच्या वर्गाचे कमीच आले. खोटं कशाला बोलू. शेजारच्या वर्गातली पोरं पाढे घडाघडा म्हणतात. आमच्या गावात पाव भाजायचा धंदा करतो त्या भट्टीवाल्या पोराला सहा जणांत चार पाव वाटता येतात, पण कागदावर तेच गणित आलं की तो विचारतो, पाव कुठे आहेत… हस. हसण्यासारखंच आहे. पालक नाही हसले. एक जण सभेत उभे राहून म्हणाले, आमची मुलं इथे गवंडीकाम शिकायला येतात का?

मोठ्या बाई?… अगं त्या तरी काय करणार. त्यांनाही वरून विचारतात. चार वर्षं सांभाळून घेतलं त्यांनी मला. आता म्हणाल्या, पाया कच्चा राहतोय, आधी पाया. सोमवारपासून भाषा, मग गणित, मग पुन्हा भाषा, पुन्हा गणित. चित्रं, गाणी, नाटक शनिवारी, वेळ उरला तर… वेळ कधी उरतो का गं? तुझ्याकडे उरलाय कधी?

नाही, त्यांच्यावर रागावले नाहीये. रागावलेय. पण कुणावर ते कळत नाही, तीच तर पंचाईत आहे.

हां… हो, फेकून द्यायचंच होतं. शिपाईमामा सकाळीच झाडू घेऊन आले बिचारे, आणि पोरांनी अडवलं. म्हणाली, सभा झाल्याशिवाय आमच्या गावातलं काही पाडता येत नाही… माझाच नियम आहे तो. गेल्या महिन्यात नळवालीची टाकी कुणीतरी लाथाडली, तेव्हा मीच केला होता. चौकात बसायचं, ज्याचं त्याने बोलायचं, पूर्ण वाक्यात बोलायचं. आता तक्रार तरी कुणाकडे करू? आपलेच दात, आपलेच ओठ.

मग काय. मोठ्या बाईंना बोलावून आणलं पोरांनी. हो, खरंच. हाताला धरून. आणि त्या दारात उभ्या राहिल्या तर भट्टीवाला म्हणतो, तुम्ही गावात नवीन आहात, तुमचा धंदा सांगा… त्या म्हणाल्या, मी मुख्याध्यापिका आहे. तर हा म्हणतो, ते आमच्या गावात नसतं. दुसरं काही येतं का?

थांब, पुढचं ऐक. मला वाटलं आता भडकतात. पण त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, शिवण येतं. झालं. आमचा शिंपी तापाने घरी आहे, दुकान बंदच होतं. बसवलं त्यांना शिंप्याच्या दुकानात. एवढंसं दुकान, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या गं. आणि मग त्यांनी सांगितलं, गाव आज काढायचं आहे. नीट सांगितलं हो, आवाज न चढवता. तर नळवाली उठली आणि तिने विचारलं, शिंप्याला गाव पाडता येतं का?

…दुकानातली सुईदोऱ्याची डबी उघडली, मिटली. मग म्हणाल्या, नाही. शिंप्याला नाही पाडता येत.

अगं, त्या तसं म्हणाल्या म्हणून थोडंच थांबणार होतं. हुकूम तो हुकूम. पण मला तिथेच भरून आलं. बाईंचे डोळे मी बघितलेच नाहीत, बघितले असते तर दोघी रडलो असतो आणि पोरं घाबरली असती.

शेवटी पोरांनीच ठरवलं. पाडायचं नाही, हलवायचं. ज्याने त्याने आपलं घर घरी न्यायचं. सुटीच्या वेळी पालक फाटकापाशी उभे, आणि एकेक पोर बाहेर येतंय छातीशी घर धरून… भट्टीवाल्याच्या धुराड्याला वळणावर धक्का लागला, ते वाकडं झालं. तो म्हणाला, असू दे, तसंही धूर वाकडाच जातो.

हो, नेली सगळ्यांनी. शिंप्याचं दुकान शेवटी मोठ्या बाईच घेऊन गेल्या. एक जण सोडून.

तीच सांगतेय, धीर धर जरा. आमची बस ड्रायव्हर… अगं तिचा गावातला धंदा तो. काडेपेटीची बस आहे तिची, बटणांची चाकं. हां, तीच ती, दोन वेण्यांची, बोलत नाही फारशी… हो, तिच्याच आईबाबांचं चाललंय कोर्टात. पाच दिवस आईकडे, दोन दिवस बाबांकडे. शुक्रवारी संध्याकाळी आत्या येऊन बसने घेऊन जाते. आज गुरुवार, म्हणून आज आईकडेच.

तर वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपलं घर मापून बांधायचं होतं ना, तेव्हा हिने दोन बांधली. एक त्या खिडकीखाली, एक इथे कपाटापाशी. मी विचारलं, मध्ये किती अंतर? तर म्हणाली, तेवीस थांबे. मोजलेत म्हणे. बाकीची पोरं बसमध्ये झोपतात, ही मोजत बसते. मग आम्ही सगळ्यांनी मिळून माप ठरवलं, एका थांब्याला एक हात. तिचाच हात, कोपरापासून बोटापर्यंत. जुन्या पडद्याच्या राखी पट्ट्या जोडून रस्ता केला. बापरे, केवढा लांब. खोलीत मावेना सरळ. मग भट्टीला वळसा घाल, टाकीच्या मागून ने… मी म्हटलं, बाळा, थोडा आखूड करूया का, बाकीच्यांनाही जागा हवी. तर म्हणाली, बाई, मग मी लवकर पोचेन आणि ते खरं नसेल.

भट्टीवाल्याने आपली भट्टी उचलून बाजूला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला… पाढे येत नाहीत हं त्याला. बरोबर. लिहून ठेव.

सॉरी, ताई. तुझ्यावर नाही काढत.

नाही, नेली नाहीत तिने. दोन्ही इथेच आहेत, माझ्या पुढ्यात. मी म्हटलं, ने ना, पिशवी देते. तर ती म्हणाली, बाबांची कुठलीच वस्तू घरी आणायची नाही, आईने सांगितलंय. बरं, मग आईचं ने. तर दोन्ही घरांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, माझं कुठलं ते अजून ठरलं नाही, बाई.

…हं.

…हो. सात वर्षांची आहे.

मग खाली बसली आणि रस्ता सोडवायला लागली. चिकटपट्टी नखाने काढायची, गुंडाळायचं, पुन्हा काढायची. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, रस्ता कुणाचाच नाही, तो नेला तर चालेल. आणि ओढताना फाटला गं तो. मध्येच. टाकीपाशी. तोंड असं झालं तिचं… आणि मोठ्या बाई अजून तिथेच होत्या, त्या शिंप्याच्या दुकानात. त्यांनी तिथल्या डबीतून सुईदोरा काढला, चष्मा वर केला आणि शिवून दिला. बारीक टाका घालून, दोन्ही बाजूंनी. ज्यांनी गाव काढायला लावलं त्यांनीच रस्ता शिवला. आता सांग, मी रागावू कुणावर?

हो… घेऊन गेली. या काखेत रस्त्याची गुंडाळी, त्या मुठीत बस. आईने फाटकात विचारलं, या कसल्या चिंध्या? ती काही बोलली नाही. आणि मीही बोलले नाही. काय सांगायचं फाटकात उभं राहून? लोक होते.

राजीनामा? काहीतरीच काय. राजीनामा देऊन करू काय, तुझ्या घरी भाजी निवडू?… नाही, सोमवारी येणार. भाषा, गणित, भाषा, गणित. शिकवीन की. मला येतं ते. पण ताई, पोरं सभेत काय बोलतील आता? सभाच नाही तर ती मुलगी कुठे बोलेल? वर्षभरात ती जे काही बोललीय ते या जमिनीवर बसून बोललीय. बाकावर बसवली की तोंड बंद. मला त्याचं वाईट वाटतंय. मला फार वाईट वाटतंय.

हं… हं… हो, पितेय पाणी.

थांब, थांब. दुसरा फोन येतोय… तिची आई आहे. बस ड्रायव्हरची. अगं हो, तिचीच. तू ठेवू नकोस, धरून ठेव.

हॅलो? हो, बोला… हो, मी बाईच बोलतेय. काय झालं? बरी आहे ना ती?… सावकाश सांगा… हो. हो, तो रस्ता आहे… नाही, चिंधी नाही ती. गावातला रस्ता… पसरलाय? कुठपर्यंत?… ओट्यापासून… बैठकीतून… दाराबाहेर? जिन्यात?

…हो, तेवढा असेल. तेवीस हात आहे.

तुमच्या घरापासून तिच्या बाबांच्या घरापर्यंत… तेवढे थांबे आहेत म्हणून. तिने मोजले… हो, तिनेच. दर शुक्रवारी.

…मी ऐकतेय. सावकाश.

आत येत नाही? कुठे बसलीय?… जिन्यात. रस्ता संपतो तिथे. हातात बस असेल ना, काडेपेटीची?… हो. मग शेवटच्या थांब्यावर आहे ती… काय म्हणते?

…उतरायला घर नाही म्हणते.

…नाही हो. तुम्ही काही वाईट केलं नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं. फाटकात मी सांगायला हवं होतं… नाही, ओढून आत आणू नका. हट्ट नाहीये तो. घरं इथे राहिलीत ना, म्हणून. माझ्यापाशी आहेत. दोन… हो, दोन बांधलीत तिने. एक तुमचं. खिडकीला निळा पडदा आहे, कुंडीत मिरचीचं रोप… आहे ना तुमच्याकडे? तिने लाल मणी लावलेत त्याला.

दुसरं… दुसरं त्यांचं.

मी आणून देते. आत्ताच निघते. तुमचं तेवढं आणते, म्हणजे ती मागे फिरेल, आत येईल… काय?

…नक्की?

नाही, नाही, विचारलं फक्त. तुम्हाला त्रास नको म्हणून… हो. जिन्यात. जिथे रस्ता संपतो तिथे… दाराच्या बाहेर आहे, हो. घरात नाही. बरोबर आहे तुमचं, घरात नाही.

हो. दोन्ही आणते. तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसा तोवर. काही विचारू नका, नुसतं बसा. तिला थांबे विचारलेत तर सांगेल, सगळे पाठ आहेत तिला… हो. येतेच मी.

हॅलो? ताई, आहेस का?… ऐकलंस? नाही, कसं ऐकू येईल. ऐक, भाऊजींना म्हणावं गाडी काढा. शाळेच्या फाटकाशी या… अगं जेवायला नाही. जेवू मग. कितीही वाजू देत… तिची आई म्हणाली दोन्ही आणा.

हो. बाबांचंही. आईनेच सांगितलं. दाराबाहेर ठेवायचं आहे, जिन्यात, पण आणा म्हणाली.

नाही, सोमवारचं काही बदलत नाही. सोमवार आहे तसाच आहे… रडू दे गं मला. तू गाडीचं बघ.

पिशवीत नको, चेपतील. मागच्या सीटवर ठेवू, एक या कडेला, एक त्या कडेला… हो, मी मध्ये बसेन.

बरं, ठेवते आता. दोन घरं आहेत, दोन्ही हात लागतील.