मधल्या सुट्टीचा डबा

नाही गं वहिनी, बटाट्याचा काही दोष नाही — बटाटा चालतो तुझ्या लेकीला, पण कोरडा हवा, हाताला तेल लागता कामा नये — कारण हाताचं तेल वहीला लागतं, वहीला लागलं की बाई ओरडतात, आणि ओरडा खाण्यापेक्षा आपली खारूताई उपाशी बसेल. दादाचा स्वभाव, दुसरं काय! बस ना, उभी का? ती कापडं सरकव बाजूला. रजा टाकून आलीस ना कामावरून, मग बस निवांत. मी काजं करता करता बोलते, हात चालू असला की तोंडही नीट चालतं माझं. — लिहून कशाला घेतेस? बरं, घे लिहून. पण हे असं लिहून येत नाही गं, मला कुठे येत होतं? तू गेलीस तेव्हा — गेलीस म्हणजे, भावानं नेलं तुला माहेरी, माहीत आहे मला — दादा वारल्यावर तू तीन महिने कुणाशी बोलली नव्हतीस, पोरीला जवळ घेत नव्हतीस, आजारच होता तो, त्याबद्दल कुणी तुला बोल लावला तर त्याची जीभ उसवीन मी — तर तेव्हा ही चार वर्षांची. आणि मी कोण? लग्न न झालेली आत्या, शिवणकाम करणारी, एकटीसाठी सकाळी चहा-पाव आणि रात्री भात. डबा कशाशी खातात हेच मला माहीत नव्हतं!

आणि पहिल्या वर्षी काय व्हायचं, सांगू? डबा रोज परत. जस्साच्या तस्सा. भात घातला, भात परत. अंडं घातलं, अंडं परत. गोड केलं तरी परत. मी म्हटलं, कार्टी हट्टी आहे. विचारलं तर मान खाली. एकदा — हे तुला सांगणार नव्हते मी — एकदा चापट मारली मी तिला. त्या डब्यावरून. रडलीसुद्धा नाही, गालावर हात ठेवून नुसती बघत राहिली. मग एक दिवस बाईंची परवानगी काढली, मधल्या सुट्टीत व्हरांड्यात खांबाआड उभी राहिले. सगळी पोरं बचाबचा खातायत, आणि ही डबा मांडीवर घेऊन बसलेली. झाकण ओढतेय. दोन्ही हातांनी ओढतेय, दातांनी ओढतेय. उघडतच नव्हतं गं! मी सकाळी दाबून दाबून लावायची, सांडू नये म्हणून. मग तिनं इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना — आणि डबा तसाच पिशवीत ठेवला. पाणी प्यायली नि खेळायला पळाली. कुणाकडून उघडून घेतला नाही. घरी येऊनही बोलली नाही. माझ्या हातून झाकण घट्ट लागतं, हे मला सांगायची तिला लाज वाटत होती की माझी भीती, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी नवा डबा आणला, सैल झाकणाचा. मग शिकत गेले. पावाच्या कडा कापायच्या — मी तर कापडाच्या कात्रीनं कापायची, धुऊन, हसतेस काय! काकडी घालायची नाही, सगळं ओलं होतं. केळं अख्खं दिलं तर दप्तरात चेंगरतं. वासाचं काही नको, शेजारची पोरगी नाक धरते. आणि मुख्य म्हणजे थोडं घालायचं. सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली पंधरा तिला खेळायला हवीत. तू काय करतेस, तर जीव ओततेस. एका कप्प्यात भात, एकात अंडं, तिसऱ्यात फळांच्या फोडी, वर कागदी रुमाल, रुमालावर चित्र काढलेलं. त्या निळ्या डब्याचं ओझंच एवढं की पोरीला —

कुठे पाहिला म्हणजे? पाहिला असेल. ती येते ना अधूनमधून इकडे — नाही, येत नाही, बरोबर आहे तुझं. तू बरी होऊन परत आलीस, तिला घेऊन गेलीस, त्याला दोन महिने झाले; एकदाही आली नाही. तूच म्हणालीस ना, घडी बसू दे, आत्याकडे लगेच नको. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं गं.

वहिनी, माझ्याकडे बघू नकोस अशी. सांगते. मी जात होते. शाळेत. रोज. मागच्या फाटकापाशी, सायकली लावतात तिथे. पहिल्या दिवशी नुसतं बघायला गेले, शपथ. पण ती धावत आली आणि गजांतून हात घालून म्हणाली, “आत्या, काय आणलंस?” आणि माझ्या पिशवीत होतं की. सकाळी उठून केलेलं, कडा कापलेलं — नेणार नाही नेणार नाही म्हणत भरलेलं. दुसऱ्या दिवशी मग ठरवून नेलं. तुझा डबा रोज भरलेला परत येत होता ना, तो बटाट्यामुळे नाही, भातामुळे नाही — तो माझ्यामुळे. तू रोज संध्याकाळी त्या डब्यापुढं बसून काय काय विचार केला असशील, मला कळत होतं. मी नाही का बसले वर्षभर तशी? कळत होतं, तरी जात होते. ती तुझं खात नाही याचा — सांगूनच टाकते — आनंद व्हायचा मला. घरी येताना पाय हलके पडायचे.

काल गेले तर ती फाटकाशी आलीच नाही लवकर. आली ती तुझा निळा डबा हातात घेऊन. म्हणाली, “आत्या, तू नको येत जाऊस. आई डबा उघडते आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहते. मला दोन डबे नाही खाता येत.” आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या तिनं तुझ्या डब्यातले तीन घास खाल्ले. थंडगार भात. एकेक घास खाऊन माझ्याकडे बघत होती, मी रागावतेय का म्हणून. मी म्हटलं, “छान आहे ना?” ती म्हणाली, “आहे.” — ते तीन घास कमी दिसले तुला, हो ना? तेवढ्यावर आशा धरून तू रजा टाकलीस आणि मला विचारायला आलीस, कसं करू म्हणून. मलाच!

रडू नकोस. बोल मला काय बोलायचं ते, पण रडू नकोस. आणि तिला यातलं काही विचारू नकोस. कमी घाल, कोरडं घाल, खाईल ती. तुझंच खाईल.

ही शाळेची घंटा — मधली सुट्टी सुरू झाली. नाही, मी नाही उठत, आज काही भरलेलंच नाही. आणि तूही जाऊ नकोस तिथे फाटकाशी. बसू दे तिला मैत्रिणींच्यात, आपल्या दोघींपैकी कुणी नको आज. तू सरळ घरी जा. जा ना, किती वेळ उभी राहणार? गिऱ्हाईक यायचंय माझं. दार ओढून घे.