नुसता हात फिरवायचा

लस टोचून झाली तरी माझं बाळ रडतच होतं. आरोग्य केंद्राच्या बाकावर मी त्याला थोपटत बसले होते. शेजारी दोघी बोलत होत्या.

"सरजामावशी, तुमच्या मालिशीवर संशोधन चालू झालंय म्हणं? दिल्लीहून फंड आलाय?"

"आलाय की, बबिता. गुडघे दुखणाऱ्या चाळीस बाया हायत. वीस माझ्या जावेकडं, वीस माझ्याकडं."

"मग तोंड कामून पाडलंय?"

"तिनं खरं चोळायचं आन् मी नुसता हात फिरवायचा. फरक बघायचाय त्यांना. तिला शिकवलं कुणी? मी!"

"चिठ्ठी टाकून ठरवलं आसंल, मावशी."

"ठरवू दे. मी बी गुपचूप खरंच चोळायलेय. माझ्या म्हाताऱ्या जिना चढायल्यात."

"अगं माय! दोन्हीकडं सारखाच गुण आला, तर मालिशीत कायच दम न्हाई म्हणून लिहितील की!"

"लिहू दे. तिच्या हातानं खरं ठरण्यापरीस खोटं ठरलेलं बरं."

मग मावशीनं न विचारताच माझ्या बाळाचा तळपाय हातात घेतला आणि अंगठ्यानं हलकेच दाबला. बाळ हुंदके देत देत गप्प झालं.

"बघितलंस, बबिता? हे मी तिला अजून शिकवलेलं न्हाई."